शिकारीचं काही मिळेल का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांपैकी एखादा तरी जेवायला बसताना आवाज खाली आणून विचारतो, "शिकारीचं काही मिळेल का हो?" पावसाळा असेल तर मागणी 'जंपिंग चिकन'ची, म्हणजे आमच्या शेतातल्या बेडकांची. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "कायद्याला भिता?" १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, भितोच. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मला जास्त भीती सोलणाऱ्याच्या हातांची वाटते.

"चांगलं शिजवलं की सगळं मरतं," असं पाहुणे म्हणतात. खरंच आहे ते. पण रानडुक्कर फाडताना ज्याचे हात कोपरापर्यंत रक्तात असतात, ज्याच्या बोटावर कोयत्याची जुनी चीर असते, तो पाहुणा नसतो, आमच्याच वाड्यावरचा कुणी असतो. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात २००२ च्या अखेरीस सार्स हा श्वसनाचा साथीचा आजार सुरू झाला. तिथल्या बाजारांत उदमांजरं जिवंत विकली जात, रानात कधी एकत्र न येणारी जनावरं पिंजऱ्यांत शेजारी शेजारी. सुरुवातीच्या रुग्णांत जनावरं हाताळणारे आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरात राबणारे बरेच होते. गिऱ्हाईक मटणाचे पैसे देतं; जोखमीचे कुणी देत नाही.

चीन लांब राहिला. आमच्याकडे माकडताप आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा आजार २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाळी गावात आला. तो पसरवते गोचीड. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी गळून पाचोळ्यात पडतात आणि नवं अंग शोधतात. त्यांच्या पिल्लांचा जोर सुक्या महिन्यांत असतो, म्हणजे नेमका काजूच्या हंगामात. बोंडू वेचायला वाकणारी बाई त्यांना आयतीच सापडते. एकाएकी ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं. शंभरातले तीन ते पाच दगावतात. माणसाकडून माणसाला मात्र होत नाही, एवढाच काय तो दिलासा.

इथे खरेदी-विक्री कुठे आली, असं तुम्ही म्हणाल. शिकारीला जाणारा पायवाट सोडतो. फासकी बघायला रानात वाकून शिरतो, पाणवठ्याशी पाचोळ्यात रात्र काढतो. तेही याच महिन्यांत, कारण तेव्हाच जनावर पाण्यावर येतं. तुमची मागणी त्याला तिथे नेऊन बसवते.

गेल्या एप्रिलमध्ये एकजण हे सगळं ऐकून म्हणाला, "बरं, मग इथलं दुसरं खास काय आहे?" मी हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडूंच्या रसाची पहिल्या धारेची दारू, आणून ठेवली. तो खूश झाला. बोंडू आमच्या वहिनीनेच वेचले होते, हातापायांना आरोग्य केंद्रातून आणलेलं तेल चोळून. ते मी त्याला सांगितलं नाही.