पार्टिशन टेबल पुसले गेल्यावर दोन हार्ड डिस्क परत मिळवताना

नाशिकला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने संगणकात ४ टीबीची नवी हार्ड डिस्क बसवली आणि लिनक्सवर एफडिस्क या आज्ञेने तिचे पार्टिशन, म्हणजे भाग, करायला घेतले. एसडीए, एसडीबी ही नावे डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यानुसार मिळत असल्याने जुन्या डिस्कची नावे बदलली होती, आणि त्यामुळे रिकामे जीपीटी टेबल (कोणता भाग डिस्कवर कोठे आहे याची नव्या पद्धतीची नोंद) आधी १ टीबीच्या व नंतर २ टीबीच्या जुन्या डिस्कवर लिहिले गेले. दुसऱ्या वेळी ‘कर्नल अजून जुनेच टेबल वापरत आहे’ अशी सूचना आली (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा), तेव्हा त्याने मला फोन केला. संगणक बंद करू नकोस, एवढेच मी त्याला आधी सांगितले.

ही सूचना म्हणजे मोठाच आधार होता. २ टीबीची डिस्क त्या वेळी माउंट केलेली, म्हणजे वापरासाठी जोडलेली, असल्यामुळे कर्नलने तिचे नवे टेबल वाचलेच नव्हते. डिस्कवर टेबल बदलले तरी पार्टिशन कोठून सुरू होते आणि किती मोठे आहे, हे कर्नलच्या स्मृतीत शाबूत होते. ‘सिस’ फोल्डरमध्ये ‘ब्लॉक’खाली ‘स्टार्ट’ आणि ‘साइझ’ या फाइलींत ते आकडे ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कच्या छोट्या तुकड्यांमध्ये, मिळतात. सुरुवात २०४८ व्या सेक्टरपासून होती. ते कागदावर उतरवून, सर्व फाइली नव्या डिस्कवर घेऊन, मगच आम्ही त्याच आकड्यांनी पार्टिशन पुन्हा तयार केले. येथे एफडिस्क विचारतो की या जागी ईएक्सटी४ची (लिनक्सच्या फाइल मांडण्याच्या पद्धतीची) खूण सापडली आहे, ती काढून टाकू का. त्याला ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागते.

१ टीबीची डिस्क माउंट केलेली नव्हती, म्हणून तिचे जुने आकडे कोठेच उरले नव्हते. तिच्यावर थेट काम करण्यास मी ठाम नकार दिला. डीडीरेस्क्यू या साधनाने तिची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, नव्या डिस्कवर घेतली. त्याला काही तास लागले, पण पुढचे प्रत्येक पाऊल निर्धास्तपणे टाकता आले. मग त्या प्रतिमेवर हरवलेली पार्टिशन शोधणारा टेस्टडिस्क चालवला. तो आताचे टेबल पाहून जीपीटी हा प्रकार सुचवतो, परंतु ही डिस्क मुळात एमबीआर या जुन्या टेबल पद्धतीची असल्याने तिच्यासाठीचा ‘इंटेल’ हा पर्याय निवडणे आवश्यक होते.

वरवरच्या शोधात पहिले पार्टिशन लगेच सापडले. छायाचित्रांचे दुसरे मात्र सखोल शोधानंतरच मिळाले, आणि त्याच्यासोबत फार पूर्वीच्या मांडणीचे, दोन्हींवर पसरलेले एक तिसरे पार्टिशनही यादीत आले. ईएक्सटी४ आपल्या सुपरब्लॉकच्या (मांडणीच्या मुख्य माहितीच्या) प्रती पार्टिशनभर ठिकठिकाणी ठेवते, त्यामुळे नवी मांडणी केल्यावरही जुन्या प्रती मागे राहून असे भास निर्माण करतात. खरे कोणते हे ठरवण्यासाठी ‘पी’ दाबून प्रत्येकातील फाइलींची यादी पाहिली. तिसऱ्याची यादी उघडलीच नाही. उरलेल्या दोघांत ओळखीची फोल्डरे दिसली आणि दोघे एकमेकांना लागून नेमके बसत होते.

चिंता एकाच गोष्टीची होती. जीपीटी आपली दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या ३३ सेक्टरमध्ये लिहिते आणि छायाचित्रांचे पार्टिशन अगदी टोकापर्यंत गेलेले होते. म्हणजे साधारण १६.५ केबी भाग खरोखरच पुसला गेला होता. म्हणून प्रतिमेतील दोन्ही पार्टिशनांवर, काहीही न लिहिता केवळ तपासणारा ई२एफएससीके चालवला. त्याने एकही तक्रार केली नाही. त्यानंतर ती केवळ वाचनासाठी आणि जर्नल (अर्धवट बदलांची नोंद) न चालवता माउंट केली, मोठी छायाचित्रे उघडून पाहिली आणि सर्व फाइली नव्या डिस्कवर उतरवून घेतल्या.

मूळ डिस्कवर जुने टेबल सर्वांत शेवटी लिहिले. तिन्ही डिस्कची टेबले एसएफडिस्क या आज्ञेने मजकुराच्या छोट्या फाइलींत काढून त्या पेनड्राइव्हवर ठेवल्या आहेत, आणि त्यांची छापील प्रत मावसभावाने संगणकाच्या बिलासोबत लावली आहे.