भट्टीत टिकला, टेबलावर सुटला

चकत्या भट्टीतून काढून, गार करून टेबलावर मांडल्या होत्या. इंचभर व्यासाच्या, निकेल सुपरअलॉयच्या, म्हणजे प्रचंड उष्णतेत टिकणाऱ्या मिश्रधातूच्या. वर बाँड कोट, म्हणजे लेप धरून ठेवणारा धातूचा थर, त्यावर ७-८ टक्के यिट्रिया घातलेल्या झिर्कोनिया या सिरॅमिकचा पांढरा लेप. टर्बाइनच्या पात्यांवर उष्णता अडवायला असतो तोच. ११०० अंश सेल्सिअसला तापवा, गार करा, पुन्हा आत ढकला, अशा फेऱ्या आठवडेच्या आठवडे चालतात. तपासणी उरकली होती. भिंगाखाली कडेलाही चीर नव्हती, म्हणून वहीत ‘शाबूत’ लिहिलं.

थोड्या वेळानं ‘टक्’ असा आवाज आला. भट्टीच्या विटा आकसत असतील म्हणून दुर्लक्ष केलं. पुन्हा टक्! या खेपेला पांढरी कपची उडताना दिसली. चकतीची कड उघडी पडून खालचा करडा धातू चमकत होता.

शेजारचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “बाहेर पाऊस आहे ना, होणारच. थांब, दाखवतो.” तेवढ्याच फेऱ्या झालेल्या दुसऱ्या चकतीवर त्यांनी ड्रॉपरनं पाण्याचा थेंब सोडला. इलेक्ट्रॉन बीमनं चढवलेला हा लेप म्हणजे शेजारी शेजारी उभे बारीक खांब. मधल्या फटींतून पाणी झिरपलं आणि बघता बघता पापडासारखा अख्खा लेप उचलून आला. मी थक्क!

लेप आणि बाँड कोट यांच्यामध्ये तापवताना ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) काही मायक्रॉनचा थर वाढतो. गार होताना धातू जास्त आकसतो, ॲल्युमिना कमी. त्यामुळे त्या थरात ३-४ गिगापास्कलपर्यंत दाब साठतो. म्हणजे जोड आधीच कसाबसा तग धरून असतो. त्यात ओल पोचली की धातूतलं ॲल्युमिनियम पाण्याशी अभिक्रिया करतं, त्यातून सुटलेला हायड्रोजन जोड ठिसूळ करतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. हा प्रकार अभ्यासकांना चांगलाच ठाऊक आहे, पण किती अहवालांत फेऱ्यांच्या आकड्याशेजारी हवेतली आर्द्रता लिहिलेली असते? मला तरी क्वचितच दिसते. उष्णतेचाच शत्रू म्हणून विचार करायची सवय, दुसरं काय!

वहीतल्या ‘शाबूत’पुढे मी वेळ लिहिली आणि खाली दुसरी नोंद केली. आता काही चकत्या डेसिकेटरमध्ये कोरड्या ठेवतो, काही मुद्दाम उघड्यावर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळेनासे झाले, की आधी विचारतो: गार झाल्यावर चकत्या कुठे ठेवल्या होत्या?