बाजारपेठेतली दारू आणि आमची सभा

काल संध्याकाळी आमच्या क्लबची साप्ताहिक सभा एकाच विषयावर झाली: बाजारपेठेत आणि बसस्थानकाच्या आवारात दिवसाढवळ्या पिऊन पडणारी माणसे आणि त्यांच्यामुळे वाट बदलून जाणाऱ्या शाळकरी मुली. सुरुवातीला सूचना आली ती नेहमीचीच, म्हणजे जनजागृती फेरी काढण्याची. फेऱ्यांचे फलक आमच्याकडे तयारच असतात. चर्चेला खरे वळण दिले ते भाजी विकणाऱ्या एका निमंत्रित मावशींनी. त्यांनी विचारले, "आडवी बाटली करायची, म्हणजे मतदानाने दारूचे दुकान बंद पाडायचे, तर सह्या किती लागतात?" राज्य शासनाच्या 2008 च्या आदेशानुसार प्रभागातील 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेता येते, मात्र दुकान बंद होण्यासाठी एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात, त्यामुळे घरी राहिलेली प्रत्येक बाई नकळत उभ्या बाटलीच्याच बाजूची ठरते, हे एका वकील सदस्याने समजावून सांगितले. परवानाधारक दुकान बंद झाल्यावर चोरटी विक्री वाढेल, ही शंकाही रास्त होती. अखेर फेरी बाजूला ठेवून, पुढच्या रविवारपासून मतदारयादी घेऊन घरोघरी जाण्याचे ठरले. पहिली गल्ली मावशींनी स्वतःकडे घेतली, दुसरी मी.