देठासकट

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सातला भावाचा फोन आला. "आक्का, पॅसेंजरने येतोय. स्टेशनवर कोणाला तरी पाठव, हातात गोणी आहे." नंदुरबारपासून आमच्या अमळनेरपर्यंत तो ती गोणी पायाशी घेऊन आला आणि चहा पिऊन परतीच्या गाडीने निघूनही गेला. गोणीत १८ किलो मिरच्या. भाव पडलेला, तोडणीची मजुरीही सुटत नव्हती. पण पिकलेली मिरची झाडावर राहू दिली की नवा बहर धरत नाही, त्यामुळे तोडावी तर लागतेच. तोडलेली मग बहिणीकडे.

सासूबाईंनी गोणीत डोकावून पाहिलं. "इतल्या मिरच्या कोन खाई व माय?"

प्रश्न बरोबर होता. घरात माणसं चार, त्यातलं एक चहातल्या आल्यानेही नाक पुसणारं. गल्लीत वाटाव्या म्हटलं तर या दिवसांत कोणाच्या घरी मिरच्या नसतात? तीन घरांनी मिळून दोनेक किलो घेतल्या, त्याही माझ्या तोंडाकडे पाहून.

पहिलं काम म्हणजे गोणी रिकामी करणं. दाबून भरलेली मिरची आतून तापते. तळाशी हात घातला तर चक्क कोमट लागला. पुढच्या खोलीत जुनी चादर अंथरून सगळ्या पसरल्या आणि ढीग लावले: कडक हिरव्या, रंग धरू लागलेल्या, पूर्ण लाल. मऊ पडलेल्या, काळे डाग आलेल्या सरळ बाहेर. त्यात किलोभर गेल्या. एक सडकी मिरची शेजारच्या दहा खराब करते, तिथे जीव अडकवून उपयोग नाही.

मग धुणं. मी सवयीने देठ काढायला बसले, तर सासूबाई ओरडल्याच. देठ उपटला की वर भोक पडतं, त्यातून पाणी आत शिरतं आणि ते कितीही पुसलं तरी निघत नाही. म्हणून आधी देठासकट धुवायच्या, पंख्याखाली रात्रभर कोरड्या करायच्या, मगच देठाला हात लावायचा. फ्रीजमध्ये ठेवायच्या असतील तर उलट, देठ काढून, सुती कापडात गुंडाळून, कारण तिथे कुजायला सुरुवात देठापासून होते. हे मला लग्नाला १९ वर्षं झाल्यावर कळलं.

रविवारी मिरचीची भाजी केली. तूरडाळ, वांगी, थोडी अंबाडी, शेंगदाणे आणि मूठ मूठ मिरच्या एकत्र शिजवून घोटल्या, वरून लसूण-जिऱ्याची फोडणी, सोबत दादर ज्वारीची भाकरी आणि कांदा. दहा माणसं बोलावली. सगळे घाम पुसत जेवले, हिशेब केला तर मिरच्या जेमतेम अर्धा किलो संपल्या होत्या. खाऊन हा ढीग हटणार नाही हे तेव्हा समजलं.

ठेच्यासाठी दीड किलो मिरच्या तव्यावर एकदम भाजायला घेतल्या, ही माझी चूक. घरभर ठसका. शेजारच्या काकू खोकत खोकत दाराशी आल्या, "कोणाची दृष्ट काढताय?" म्हणाल्या. मिरच्या जाळल्या आणि ठसका लागला नाही तर दृष्ट लागलेली असते म्हणतात. त्या हिशेबाने आमच्या गल्लीला कोणाचीही दृष्ट लागलेली नाही. पुढच्या वेळी मूठभर मूठभर भाजल्या, खिडक्या उघड्या ठेवून. लसूण, शेंगदाणे, मीठ घालून कुटलं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं. एक वडी काढली की एका जेवणाचं काम होतं. दोन किलो कोरड्या मिरच्या अख्ख्याच फ्रीजरमध्ये टाकल्या. बाहेर काढल्यावर लुसलुशीत होतात, पण फोडणीला काही बिघडत नाही.

लोणच्याच्या दिवशी हात पेटले. दोन किलो मिरच्या उघड्या हाताने चिरल्या आणि वर कपाळावरचे केस मागे सारले. पाण्याने काही होत नाही, कारण तिखटपणा ज्याच्यामुळे आहे ते कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी हाताला गोडेतेल चोळायचं, मग साबण. तेव्हा कुठे आग उतरली. कॅप्सेसिन असतं बियांत नव्हे, बिया जिला चिकटतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत. मुलीसाठीच्या बरणीतल्या मिरच्यांची ती शीर काढून टाकली, फरक लक्षात येण्याइतका पडला.

माझं प्रमाण किलोला २०० ग्रॅम मीठ, १५० ग्रॅम मोहरीची डाळ, दहा लिंबांचा रस, पाव लिटर तेल कडकडीत तापवून पूर्ण गार केलेलं. हळद, मेथी, हिंग अंदाजाने. लिंबाला कंजुषी नको. जाऊबाई नुसत्या तेलात कच्चा लसूण आणि मिरच्या बुडवून ओट्यावर ठेवतात, ते मी करत नाही. तेलाखाली हवा पोचत नाही, आंबटपणाही नसतो, आणि घातक जंतूंना तेच हवं असतं. तसं करायचंच तर फ्रीजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं.

तीन किलोंची ताकातली मिरची केली. उभी चीर देऊन धणे-मेथी-हिंग-मीठ भरायचं, रात्री आंबट दह्यात, दिवसा गच्चीवर. चौथ्या संध्याकाळी एक परात वरच राहिली. रात्री दव पडलं, आणि दोन दिवसांनी चिरेत पांढरी बुरशी. अख्खी परात टाकली. सासूबाई दिवसभर बोलल्या नाहीत.

लाल मिरच्या चारेक किलो निघाल्या. नंदुरबारला पथारीवर लाल मिरची पसरलेली लहानपणापासून पाहिली होती, पण देठ वाळल्यावर खुडतात याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. मी हट्टाने अर्ध्या देठ काढून वाळवल्या. त्या भोकाजवळ काळवंडल्या, काहींच्या बिया गळून गेल्या. देठासकटच्या अकराव्या दिवशी हलवल्या की खुळखुळत होत्या, वाकवल्या की कट्कन मोडत होत्या. चार किलोंची वाळून किलोभर झाली. डंकीवर कुटून आणली तेव्हा दोन बरण्या तिखट.

मोडलेल्या मिरच्यांतल्या बिया सासूबाईंनी कागदाच्या पुडीत बांधून ठेवल्या. भाऊ फोनवर म्हणाला, "ते हायब्रीड आहे, त्याचं बी धरून तशी मिरची येत नाही." त्यांनी ऐकून घेतलं आणि गच्चीवरच्या फुटक्या बादलीत बी टाकलं. थंडीमुळे उगवायला वेळ लागला. काल मोजली, २६ रोपं आहेत.