करीच्या तोंडावरची कोंबडी

कोंबडीनं अंडं देणं थांबवलं की आमच्या वर्धेकडच्या गावात पहिला संशय शेजारणीवर जातो, दुसरा मुंगसावर आणि फार उशिरा खुद्द कोंबडीवर. हा क्रम मला पटतो. गावरान कोंबडी दिवसभर मोकळी हिंडणारी. तुम्ही मांडून ठेवलेल्या टोपल्यातच अंडं घालीन, असा शब्द तिनं कुणालाच दिलेला नसतो. तिला अंधार हवा, आडोसा हवा. मग ती कोठ्यातलं कुटार शोधते, पऱ्हाट्यांच्या ढिगामागं शिरते, दिवाळीनंतर तर थेट कापसाच्या खोलीत मुक्काम हलवते. भाव वाढेल म्हणून राखलेला कापूस गाडीत भरताना खालून अंडी निघतात. भाव वाढलेला नसतोच, निदान अंडी तरी! ती पाण्यात सोडून बघायची. तळाशी आडवं बसलं ते ताजं. तरंगलं त्यात हवेची पोकळी वाढलेली, म्हणजे जुनं.

सगळे कोपरे धुंडाळूनही अंडं नाही मिळालं, की शेजारच्या काकू विचारतात, "खुडूक त नाई बसली व तुही कोंबडी?"

बहुतेक वेळा बसलेलीच असते. दहा-बारा अंडी घालून झाली की गावरान कोंबडीला ती उबवावीशी वाटतात. हात लावला की फुगते, चोच मारते, दाणे टाकले तरी उठत नाही. आपण म्हणतो काम थांबलं, तिच्या हिशोबानं खरं काम आता सुरू झालेलं असतं. अंडी राहू दिली तर एकवीस दिवस उबवणी आणि पुढं दोन-तीन महिने पिल्लांमागं फिरणं. त्यामुळे वर्षाकाठी तिची अंडी साठ-ऐंशीच्या घरात राहतात. पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या आसपास देते, कारण निवडून निवडून तिच्या रक्तातून हे खुडूक बसणंच माणसानं जवळजवळ काढून टाकलंय. आम्हाला मात्र चव गावरान पाहिजे आणि आकडा लेगहॉर्नचा. खुडूक मोडायला कोंबडीला पाण्यात बुचकळून काढायचा उपाय यातूनच निघाला. तो मला कधीच आवडला नाही.

उन्हाळ्यात, विशेषतः नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तक्रार करण्यात अर्थच नसतो. पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर माणूसही काही देत नाही. कोंबडीला घाम येत नाही. ती पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकते, खाणं कमी करते. धापांसोबत अंगातला कार्बन डायऑक्साइड जास्तच बाहेर जातो, रक्ताचं गणित बिघडतं आणि टरफल पातळ होतं. एक अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात, त्यातले वीस एकट्या टरफलाचे. निंबाच्या सावलीत मातीच्या भांड्यात गार पाणी ठेवायचं आणि दाणे सकाळी लवकर टाकायचे, एवढंच आपल्या हातात.

हिवाळ्यातलं कारण उजेडाचं. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांच्या जरा खाली येतो. कोंबडीला उजेड डोळ्यांनी कळतोच, शिवाय कवटीतून थेट मेंदूपर्यंतही पोचतो. तो कमी पडला की अंडी मंदावतात. पोल्ट्रीवाले दिवे लावून दिवस चौदा-सोळा तासांचा करतात. आमच्याकडे ओलिताची वीज पुष्कळदा रात्री येते, तेव्हा शेतकरी जागाच असतो. एक बल्ब कोंबडीसाठी लावायला हरकत नाही.

पण माझा जीव तुटतो तो पावसाळ्याच्या शेवटी. तेव्हा कोंबड्या पिसं गाळायला लागतात. आधी मान उघडी पडते, मग पाठ, शेवटी शेपटी. तुरा फिका पडतो. अंगणभर पिसं आणि मधोमध ते बोडकं ध्यान. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. अंड्यालाही तेच लागतं. नवी पिसं आणि अंडी दोन्ही एकदम जमत नाहीत, म्हणून दोन-तीन महिने अंडी बंद. या दिवसांत तुरीची चुनी, उधई म्हणजे वाळवी लागलेलं लाकूड फोडून समोर टाकलं तर ती लवकर सावरते आणि पुन्हा अंड्यावर येते.

आणि नेमकं याच सुमारास येतो पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. घराघरांत मसाला भाजला जातो, जावई येतात आणि हंडीत कोण जाणार याची चर्चा सुरू होते. जी अंडी देत नाही, ती. निकाल दोन मिनिटांत.

यंदा काकूंनी एका बोडकीचे पाय धरले, तेव्हा मी मध्ये पडलो. म्हटलं, काकू, पिसं येतायत, दिवाळीनंतर सुरू होईल. कापायचाच असेल तर कोंबडा कापा. अंडी द्यायला कोंबडीला तो लागतही नाही.

काकूंनी बोडकीला सोडलं, माझ्याकडं पाहिलं. "अंडी त देईन बापा. पिल्लं का तुह्या बोलण्यानं निघतीन?"

त्यांच्याकडे कोंबडे दोन होते. त्यातला भांडखोर करीला गेला.