गॅदरिंगमधला परग्रहवासी

नागपुरातल्या शाळांची स्नेहसंमेलने थंडीत होतात, आणि त्यांना स्नेहसंमेलन फक्त निमंत्रणपत्रिकेत म्हणतात. बोलताना ते गॅदरिंगच असते. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, की सहामाहीचे पेपर हाती पडण्याआधीच कोणत्या वर्गाला कोणता नाच मिळणार याची कुजबुज सुरू होत असे. मुख्याध्यापकांची खरी कसोटी मात्र तारीख ठरवण्यात लागे. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन शहरात असते, मोर्चांमुळे सीताबर्डीकडचे रस्ते अडतात, आणि प्रमुख पाहुणे म्हणून ज्यांना बोलवावे ते नेमके अधिवेशनाच्या धावपळीत असतात. त्यामुळे महाल भागातल्या आमच्या शाळेचे गॅदरिंग अधिवेशन आणि नाताळ यांच्यामधल्या फटीत कसेबसे बसवले जाई.

कार्यक्रमाचा क्रम वर्षानुवर्षे तोच होता. सकाळी रांगोळी आणि हस्तकलेचे प्रदर्शन, दुपारी आनंद मेळाव्यात तर्री-पोह्यांच्या आणि संत्र्यांच्या रसाच्या टेबलांभोवती झुंबड, संध्याकाळी ईशस्तवन, स्वागतगीत, अहवालवाचन, बक्षिसे, आणि मग रात्री साडेनऊपर्यंत नाच. पहिली-दुसरीची फुलपाखरे, पाचवीचे कोळी, सातवीचे मावळे. दहावीला बोर्डाच्या परीक्षेमुळे मंचावर जागा नसे, म्हणून मान नववीचा. आणि नववीला एक नाच ‘पाश्चात्त्य’ करण्याची मुभा होती, जिच्यावरून दरवर्षी शिक्षकांच्या खोलीत वाद होत. २०११ साली तो वाद केटी पेरी या अमेरिकन गायिकेच्या ‘ई.टी.’ या गाण्यावरून झाला, आणि आमच्या शाळेतल्या सगळ्या गॅदरिंगांपैकी मला तेच सर्वांत लख्ख आठवते.

गाणे परग्रहावरून आलेल्या एका अनोळखी पुरुषाच्या प्रेमात पडलेल्या मुलीचे आहे. तो कोण आहे, देव की दानव, हे तिला ठाऊक नाही. त्याचा स्पर्श परका आहे, त्याचे जग वेगळ्याच मितीतले आहे, सगळे तिला सावध करत आहेत, आणि तरीही ती म्हणते, की मला उचलून घेऊन जा. २०१० च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ‘टीनेज ड्रीम’ या अल्बममधले हे गाणे २०११ च्या फेब्रुवारीत स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले आणि एप्रिलमध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याचे मूळ संगीत थ्री सिक्स माफिया या रॅप गाणाऱ्या गटासाठी बांधलेले होते. ते योगायोगाने पेरीच्या कानांवर पडले आणि तिने ते आपल्यासाठी मागून घेतले. आमच्यापर्यंत ते केबलवरच्या इंग्रजी गाण्यांच्या वाहिनीतून आणि सीताबर्डीच्या गल्ल्यांमधल्या, मेमरी कार्डात गाणी भरून देणाऱ्या दुकानांतून आले. शब्द निम्मेच कळत होते. ‘एलियन’ मात्र सगळ्यांना कळत होता.

अडचण तिथेच सुरू झाली. स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेल्या गाण्यात अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टचे रॅप आहे, आणि ते शाळेच्या मैदानात, आजी-आजोबांच्या समोर वाजवण्यासारखे मुळीच नाही. अल्बममधल्या मूळ गाण्यात हे रॅप नाही, हा शोध आमच्या वर्गातल्या एका मुलीने लावला आणि तेवढ्यावर आमची बाजू निम्मी सावरली. पण उरलेल्या शब्दांवरही इंग्रजीच्या सरांचा आक्षेप होताच. मला घेऊन जा, मला तुझ्या विषाने भारून टाक, असे नववीतल्या मुलींनी मंचावरून म्हणावे का, असा त्यांचा सवाल होता, आणि तो अगदीच गैरवाजवी होता असे आज मला म्हणवत नाही. एखाद्या मुलीने संपूर्ण अनोळखी माणसाला ‘ने मला’ म्हणणे हे ऐकायला जितके गोड, तितकेच आईबापांच्या पोटात गोळा आणणारे असते.

आमच्या मदतीला आल्या त्या संस्कृतच्या बाई, ज्यांच्याकडून कोणीच ही अपेक्षा केली नव्हती. बाईंनी गाणे ऐकले नव्हते आणि ऐकण्याची त्यांची इच्छाही नव्हती, त्यांनी फक्त कथा विचारली आणि म्हणाल्या, “अहो, ही तर आपली उर्वशी झाली. त्यात काय नवीन आहे?” मग त्यांनी कालिदासाचे ‘विक्रमोर्वशीय’ हे नाटक सांगितले. स्वर्गातली अप्सरा उर्वशी पृथ्वीवरच्या पुरूरवा राजाच्या प्रेमात पडते. इंद्रासमोर भरतमुनींच्या नाटकात ती लक्ष्मीची भूमिका करत असते. तुझे मन कोणावर जडले आहे असे विचारले जाते, तेव्हा ‘पुरुषोत्तम’ म्हणायच्या ऐवजी तिच्या तोंडून ‘पुरूरवा’ निघून जाते, आणि भरतमुनी संतापून तिला शाप देतात. मंचावर वाक्य चुकल्याबद्दल थेट स्वर्गातून हकालपट्टी झालेली ही पहिली कलाकार, असे बाई म्हणाल्या, तेव्हा त्या खोलीत पी. टी. च्या सरांनाही हसू आवरले नाही. इंद्राने मात्र दया दाखवली आणि पुरूरव्याला अपत्याचे मुख दिसेपर्यंत त्याच्याजवळ राहण्याची तिला मोकळीक दिली.

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. नागपूरकरांना परलोकातल्या पाहुण्याचे कसले अप्रूप, असे त्यांनी विचारले. ‘मेघदूता’तला यक्ष वर्षभराचा शाप भोगायला ज्या रामगिरीवर येऊन राहिला, तो रामगिरी म्हणजे आपले रामटेक, अशी मान्यता आहे, आणि तिथे आपण दर वर्षी सहल नेतो. मला आज वाटते, की हा युक्तिवाद फार चतुर होता, कारण त्याने गाण्यातली एक गुंतागुंतही सुटली. ज्या मुलींनी चित्रफीत पाहिली होती, त्यांचे म्हणणे असे, की शब्दांत पेरी पृथ्वीवरची मुलगी आहे, पण चित्रफितीत तीच अंतराळातून तरंगत येते, कचऱ्याने भरलेल्या, ओसाड पृथ्वीवर उतरते, आणि शेवटी तिचे पाय हरणासारखे निघतात. मग नाचात परका कोणी व्हायचे? बाईंचे उत्तर असे, की कालिदासाला दोन्ही बाजू ठाऊक होत्या. उर्वशी राजासाठी झुरते आणि चौथ्या अंकात राजा तिच्यासाठी वेडा होऊन रानातल्या मोरांना, हत्तींना तिचा पत्ता विचारत फिरतो. तेव्हा नाचात अर्ध्यावर दोघांनी भूमिका बदलाव्यात. तसेच ठरले. मुलामुलींनी जोडीने नाचायचे नाही हा शाळेचा नियम होता, म्हणून परग्रहवासीही एक मुलगीच झाली, आणि इंग्रजीच्या सरांचा उरलासुरला आक्षेप त्यातच विरून गेला.

तालमींना सुरुवात झाली तेव्हा पहिले चार दिवस वाया गेले. दूरदर्शनवरच्या नृत्यस्पर्धांतले हातवारे त्या गाण्यावर बसेनात, कारण गाण्याची चाल संथ आणि जड आहे. त्याच्या तळाशी दोन जाड ठोके आणि एक टाळी अशी घडण आहे. ‘क्वीन’ या इंग्लिश बँडच्या ‘वुई विल रॉक यू’ची आठवण त्यावरून अनेकांना होते. आम्हांला ती आठवण होण्याचे कारण नव्हते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आठवीची लेझीम चालू होती आणि पी. टी. चे सर हलगीवर ठोका देत होते. आमच्या साउंड बॉक्समधले गाणे आणि तिकडची हलगी काही क्षण एकमेकांत अशी मिसळली, की दोन्हीकडची मुले थांबून पाहू लागली. सर आमच्याकडे आले, त्यांनी गाणे पुन्हा लावायला सांगितले, मान हलवत ऐकले आणि म्हणाले, “अरे, हे तर लेझीमच वाजून राहिली ना बे!” त्या संध्याकाळपासून मागच्या रांगेतल्या आम्हां मुलींच्या हाती लेझीम आली. ठोक्यांवर दोन पावले, टाळीच्या जागी लेझमीचा खणखणाट, आणि वाकून उठताना मध्यभागी परग्रहवासी. अमेरिकेत यादीत पहिले आलेले गाणे महालातल्या मैदानावर इतके चपखल बसले, की बाहेरून आलेल्या कोणालाही ते मुळात लेझमीसाठीच बांधले आहे असे वाटले असते.

त्याच तालमींमध्ये १० डिसेंबरचा शनिवार आला. त्या दिवशी संध्याकाळी खग्रास चंद्रग्रहण होते. ग्रहणात मुलींना बाहेर ठेवू नये म्हणून काही घरांतून आज्या स्वतः न्यायला आल्या होत्या, आणि विज्ञानाच्या सरांनी त्यांनाही खुर्च्या देऊन मैदानात बसवले. साडेसातनंतर चंद्र पूर्ण झाकला गेला आणि पाऊण तासाहून अधिक वेळ तांबूस होऊन टांगलेला राहिला. सरांनी तेव्हाच आम्हांला सांगितले, की त्याच आठवड्यात, ५ डिसेंबरला, केप्लर दुर्बिणीने शोधलेल्या केप्लर-२२ बी या ग्रहाची घोषणा झाली आहे. तो आपल्यापासून सुमारे सहाशे प्रकाशवर्षे दूर आहे, आणि त्याच्या स्वतःच्या ताऱ्यापासून अशा अंतरावर फिरतो, की तिथे पाणी द्रवरूपात असू शकेल. एका मुलीने विचारले, की तिथल्या कोणाला पत्र पाठवले तर? सरांनी हिशेब केला: प्रकाशाच्या वेगाने गेले तरी उत्तर यायला बाराशे वर्षे. त्यावर संस्कृतच्या बाई म्हणाल्या, की आमच्या यक्षाचा ढग बराच लवकर पोहोचला असता. हा सगळा संवाद पुढे निवेदनात जसाच्या तसा घेतला गेला.

कपड्यांची कथा सविस्तर सांगण्याजोगी नाही. ड्रेपरीवाल्याकडे देव, राक्षस, मावळे आणि पऱ्या होत्या, परग्रहवासी नव्हता, म्हणून एका राक्षसाच्या अंगरख्याला निळा रंग दिला, शिंगे तशीच ठेवली आणि चेहऱ्यावर चमकी लावली. पण वाऱ्याची युक्ती मात्र सांगायलाच हवी. परग्रहवासी उतरताना त्याचा झगा उडाला पाहिजे असा आग्रह होता, आणि मंचावरचा टेबलफॅन पुरेना. तेव्हा ऐन डिसेंबरात, शिक्षकांच्या खोलीच्या मागे ताडपत्रीत बांधून ठेवलेला लोखंडी कूलर बाहेर काढला गेला. नागपुरात कूलर होळीनंतर निघतो; त्याला हिवाळ्यात चालू झालेला पाहून शाल-कानटोपीतले प्रेक्षक जे हादरले, ते कोणत्याही यानाच्या आवाजाने हादरले नसते. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी मफलर आवळले. झगा उडाला मात्र झकास.

मंचावर त्या रात्री जे घडले, त्याचे श्रेय आम्हांला देता येणार नाही. गाणे सुरू झाले, निळा, शिंगांचा परग्रहवासी कूलरच्या वाऱ्यात उतरला, नायिका त्याच्याकडे हात पसरून, मला ने, असे म्हणत धावली, आणि खाली सतरंजीवर बसलेल्या पहिली-दुसरीच्या फुलपाखरांमधून एक आवाज उठला: “घेऊन जा गे मारबत!” क्षणभर शांतता, आणि मग सगळे मैदान तेच ओरडू लागले. ज्यांनी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी महाल-इतवारीतून निघणारी मारबतीची मिरवणूक पाहिली आहे, त्यांना याची गंमत वेगळी सांगायला नको. रोगराई, इडापिडा घेऊन जा, असे ज्या पुतळ्याला सांगायचे, तो काळी किंवा पिवळी मारबत म्हणजे या मुलांनी पाहिलेली सर्वांत मोठी, सर्वांत भयानक, परक्या जगातली बाई. त्या पोरांनी निळ्या राक्षसाला पाहून जे सुचायचे तेच सुचवले. फरक इतकाच, की मारबतीने न्यायचे ते नकोसे असते, आणि इथे नायिका स्वतःहून निघाली होती. आमच्या लेझमी क्षणभर अडखळल्या, मग त्या आरोळीनेच ठोका धरला, आणि पुढचे संपूर्ण गाणे मैदानाच्या तालावर नाचले गेले. भूमिका बदलण्याची वेळ आली तेव्हा परग्रहवासी झालेली मुलगी हसून इतकी बेजार झाली होती, की तिचे एक शिंग गळून पडले. नायिकेने ते उचलून स्वतःच्या डोक्यावर धरले आणि बदल आपोआप झाला. संस्कृतच्या बाई नंतर म्हणाल्या, की भरतमुनींनी याला शाप दिला नसता.

शेलापागोटे, म्हणजे एकेकाला उद्देशून लिहिलेल्या चिमटेवजा ओळी, दुसऱ्या दिवशी वाचली गेली. नायिकेच्या वाट्याला आलेले मला अजून पाठ आहे: “परग्रहावर निघाली पोर, सोडून आईबापा, सायकलची चेन बसवता येत नाही, यान कसं चालवते बाप्पा!” ते कोणी लिहिले हे कधी कळले नाही, पण अक्षर इंग्रजीच्या सरांचे होते असे जाणकार सांगत.

पुढच्या वर्षांत मी इतर अनेक गॅदरिंगे पाहिली, काहींमध्ये एलईडीच्या भिंती होत्या, धुराची यंत्रे होती, भाड्याने आणलेले नृत्यशिक्षक होते आणि मुले एकसारखी, न चुकता नाचत होती. त्यांचे कौतुक करायला माझी हरकत नाही. पण गाण्याच्या बाबतीत माझे मत तेव्हापासून पक्के आहे: त्याच्या चकचकीत यंत्रसंगीताखाली एक फार जुनी, साधी गोष्ट आहे, आणि म्हणूनच ते कुठेही रुजते. पेरीच्या आवाजातला तो धाडसी भाबडेपणा, परक्याला घाबरावे की त्याच्यामागे जावे या दोन्हींमधली ओढाताण, हे सगळे नंतर शब्द पूर्ण कळू लागल्यावर अधिक आवडले. कान्येचे रॅप मात्र मला आजही उपरेच वाटते. शाळेने ते काढायला लावले हा त्या गाण्यावर झालेला उपकारच आहे.

शाळेच्या वार्षिक अहवालात त्या वर्षीच्या नाचांची यादी छापून आली, तेव्हा गाण्याचे आणि गायिकेचे नाव कटाक्षाने टाळून आमच्यापुढे ‘इयत्ता नववी: खगोलविषयक नृत्य (लेझीमसह)’ एवढेच लिहिले होते, आणि विज्ञान मंडळाच्या उपक्रमांच्या यादीत तोच नाच, चंद्रग्रहण निरीक्षणाच्या खाली, दुसऱ्यांदा मोजला गेला होता.