निकाल राखून ठेवला

शनिवार, रात्री पावणेबारा. लुव्हेन.

मामा झोपले. जेवणाच्या टेबलावर त्यांची वही उघडीच पडली आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, मालवणहून सोबत आणलेली. पट्टी धरून रकाने आखलेत: अनुक्रमांक, नाव, रंग, वास, चव, एकूण (100 पैकी), शेरा. जन्म शाळेत काढलेला माणूस बिअर प्यायला निघाला तरी आधी गुणपत्रक आखतो. शेजारी माझी वही. तिच्यात रकाने वगैरे काही नाही, नुसते दहापैकी आकडे, आणि आज त्यातले बरेचसे खोडलेले.

गंमत म्हणजे आम्ही राहतो त्या बेल्जियममधल्या लुव्हेनमध्ये जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीचं मुख्यालय आहे. वारा फिरला की कधीकधी आमच्या बाल्कनीत शिजलेल्या धान्याचा वास येतो. मामांना तीच दाखवावी असं आधी ठरत होतं. पण मामांनी विचारलं, "घरातली माणसां स्वतः करतत असा काय नाय काय गो?" म्हणून मग आज ब्रसेल्सला, काँतियोँ घराण्याच्या बिअरभट्टीत.

स्टेशनापासून चालतच गेलो. जुन्या मोटारींचे दलाल, टायरची दुकानं, मधूनच मोरोक्कन बेकरी. मामा दोनदा म्हणाले, "रस्तो चुकलंस." बाहेरून ते घर गोदामासारखंच दिसतं. आत शिरल्यावर पहिल्यांदा नाकाला कळतं कुठे आलो ते: ओलं लाकूड, आंबट सफरचंद, तळघरातली माती. मामा दारातच थांबले आणि त्यांनी असा दीर्घ श्वास घेतला की तिकिटं देणाऱ्या मुलीला हसू आलं.

घराण्याची कथा त्यांना फार आवडली. 1900 साली पॉल काँतियोँ आणि त्यांची बायको मारी यांनी सुरुवात केली तेव्हा ते स्वतः बिअर करतच नव्हते. दुसऱ्यांकडून लँबिक, म्हणजे हवेतल्या यीस्टवर आपोआप फसफसलेली आंबट बिअर, घ्यायची, मुरवायची, मिसळायची आणि विकायची. स्वतःची भट्टी मुलांच्या काळात, 1930 च्या दशकाच्या शेवटी आली. पुढे मुलगा मार्सेल यांची मुलगी क्लोद, तिचे यजमान ज्याँ-पियेर व्हान रॉय, आणि आता त्यांचा मुलगा ज्याँ. पाटीवर नाव अजून काँतियोँच. "जावय बरो गावलो," मामा म्हणाले. खरंच आहे. लोकांना गोड बिअर हवी होती, आंबट कोणी घेत नव्हतं, आणि ब्रसेल्समधल्या अशा भट्ट्या एकेक करून बंद पडत होत्या, तेव्हा या जावयाने 1978 मध्ये चालत्या भट्टीचंच संग्रहालय करून टाकलं. लोक आधी बघायला आले, मग प्यायला.

माळ्यावर तांब्याचं एक उथळ, अवाढव्य ताट आहे. ताटच म्हणते, कारण टाकी म्हटलं की खोल काहीतरी डोळ्यांपुढे येतं. 7,500 लिटर उकळता रस रात्रभर त्यात उघडा ठेवतात, छपराच्या फटींतून ब्रसेल्सची थंड हवा आत येते, आणि त्या हवेतलं, तुळयांवरचं जे काही त्यात पडेल त्याच्यावर पुढचं सगळं सोपवतात. म्हणूनच हे काम फक्त थंडीत, साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. उन्हाळ्याच्या हवेत नको ते जंतू जास्त. सकाळी थंड झालेला रस ओकच्या जुन्या पिंपांत भरतात. तिथे तो आपणहून फसफसतो, सुरुवातीला पिंपाच्या भोकातून फेस बाहेर उतू जातो, आणि पुढे एक, दोन, तीन वर्षं तो तिथेच.

मामा ताटाच्या कडेला उभे राहिले. आज ते रिकामं होतं, घासूनपुसून लालसर.

"कोणी विरजण घालूक नाय?"

"नाही मामा. काहीच नाही."

"मगे माडी अशीच जाता."

मी गेली दोन वर्षं माझ्या इथल्या मित्रमैत्रिणींना लँबिक म्हणजे काय ते समजावते आहे, आणि चार शब्दांत असं मला कधी जमलं नव्हतं. लहानपणी आजोळी सकाळी माडावरून उतरवलेलं मडकं आलं की आम्हा पोरांना त्यातलं गोड पाणी मिळायचं. दुपारनंतर मडक्याला हात लावायला बंदी. संध्याकाळी ते मोठ्यांचं. आणि दोन दिवस राहिलंच तर आजी ते माशाच्या कामाला घ्यायची, तेव्हा ते चक्क शिरका झालेलं असायचं. तिथेही विरजण कोणी घालत नव्हतं. कालचं मडकंच आजच्याला शिकवायचं. फरक फक्त घाईचा. कोकणात जे दीड दिवसात उरकतं त्याला इथे तीन वर्षं लागतात.

कोपऱ्यांत कोळ्यांची जाळी तशीच ठेवली आहेत. फळांच्या मोसमात चिलटं येतात, ती कोळी खातात, म्हणून कोळी मारायचे नाहीत असा नियम. मामींना हे सांगायचं नाही असं मामांनी तिथेच ठरवलं.

आता गुण.

एक. वर्षभराची कोवळी लँबिक, थेट पिंपातून जगमध्ये काढलेली. फेस नाही, बुडबुडे नाहीत. मामांनी घोट घेतला, डोळे मिटले, उघडले. "ह्यां आगळ आसा गो!" तंतोतंत. मीठ न घातलेलं कोकमाचं आगळ, शेवटी किंचित कडसर. मामा: 41. शेरा: काठावर उत्तीर्ण. मी: 4.

दोन. ग्योझ. (उच्चार करताना 'ग्यो' म्हणत म्हणत शिटी मारायला तोंड करायचं. मामांनी तीन प्रयत्नांनंतर वहीत नुसतं 'ग्यो.' लिहिलं.) एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिक मिसळून बाटलीत भरतात. कोवळीत थोडी साखर शिल्लक असते, तिच्यावर बाटलीत पुन्हा फसफस होते, जुन्या दोघी चव देतात. कुठल्या पिंपातून किती घ्यायचं हे चाखूनच ठरतं. बाटली वेताच्या टोपलीत आडवी ठेवून आणतात आणि तशी तिरपीच ओततात, म्हणजे तळाचा गाळ ढवळत नाही. वास लिंबाच्या सालीचा, आणि त्याच्या मागे पावसात भिजलेल्या घोंगडीचा. हा घोंगडीचा वास ज्या यीस्टचा, तिचं नावच ब्रेटानोमायसेस ब्रुक्सेलेन्सिस, म्हणजे जातीवर शहराचं आडनाव. पहिल्या घोटाला मी 5 दिले. अर्ध्या पेल्यावर खोडून 7. पेला संपला तेव्हा 8.

इथेच आमचं वाजलं.

"खोडूचा नाय," मामा म्हणाले. पेपर एकदाच तपासायचा. मी म्हटलं, मामा, पण पेपर बदलत नाही, ही पेल्यात बदलते. थंड असताना नुसती आंबट, जरा ऊब लागली की धान्य, सफरचंद, लाकूड असं एकेक सुटं होतं. मग कुठल्या घोटाचे गुण खरे? मामांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी 58 लिहून त्याच्याभोवती गोल केला.

तीन, क्रीक. आंबट चेरी, लिटरमागे 200 ग्रॅमच्या आसपास, लँबिकमध्ये काही महिने मुरवलेली. रंग इतका सुंदर की मामांनी रंगाच्या रकान्यात पैकीच्या पैकी दिले आणि मग चवीला धक्का खाल्ला. रंग बघून सरबत वाटतं, पण फळाची साखर यीस्टने केव्हाच खाऊन टाकलेली असते. उरतो तो चेरीचा आंबटपणा आणि बीमधून उतरलेला बदामासारखा एक बारीक कडवटपणा. एकूण 66. मी 7, नंतर 6.

चार, रास्पबेरीची रोझे द गाँब्रिनुस. लेबलावर राजाच्या मांडीवर एक बाई बसली आहे आणि तिच्या अंगावर कपडे नाहीत. मामांनी बाटलीला रुमाल गुंडाळला आणि म्हणाले, थंड ऱ्हवता. चवीबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. वास अप्रतिम, चव क्रीकपेक्षा सुटसुटीत, मला जरा पातळ वाटली. 61 आणि 6.

मग मामांनी एक गोष्ट सांगितली जी इतक्या वर्षांत मी कधी ऐकली नव्हती. दहावीचे पेपर तपासताना हुशार पोराच्या पेपरानंतर जो येतो त्याच्यावर अन्याय होतो. कच्च्या पोराच्या मागून आलेला फुकटचा तरतो. म्हणून ते गठ्ठा पिसायचे आणि पहिले पाच पेपर शेवटी पुन्हा वाचायचे. गुण खोडायचे नाहीत, पण पुन्हा वाचायचे. हे सांगून ते स्वतःच उठले, काउंटरवर गेले आणि बोटाने बिअरच्या 'जग'कडे खूण करून पहिली लँबिक पुन्हा घेऊन आले.

तीच लँबिक, तोच जग. आणि आगळ कुठे गेलं? चार पेले झाल्यावर जिभेने आंबट हे गृहीतच धरलं होतं. आता गव्हाचा मऊपणा कळला, कच्च्या पेरूसारखं काहीतरी कळलं. मी खोडलेल्या 4 च्या बाजूला 7 लिहिले. मामांनी 41 तसेच ठेवले, पण शेऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं आहे: 'विद्यार्थी हुशार. परीक्षक नवीन.'

शेवटची ब्रुओसेला. तीन वर्षांची लँबिक, न मिसळलेली, बुडबुड्यांशिवाय तशीच बाटलीत भरलेली. इथल्या एका मुलाने सांगितलं की हे पिंप चाखूनच निवडतात. आंबटपणाला धार नाही, तो खोल गेलेला. जुनी पांढरी वाइन, अक्रोडाची साल, थोडं मीठ असल्याचा भास. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. पेला उजेडात धरला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मी विचारलं, किती? ते म्हणाले, "ह्यां बिअर न्हय. ह्येना विषयच वेगळो घेतल्यान." वहीत आकडा नाही. एकूणच्या रकान्यात 'निकाल राखून ठेवला' एवढंच. माझ्या वहीत 9. हा मात्र खोडला नाही.

रविवार.

डोकं ठीक. पोटात मात्र जरा कुरकुर. आंबटावर आंबट झालं असावं, त्यात येताना स्टेशनवर खाल्लेले तळलेले बटाटे. मामा सकाळी सहाला उठून चहा करून बसले होते. मला म्हणाले, रात्री झोपेत आठवत होतं, ब्रुओसेलाचा वास कसला ते. आजोळच्या माजघरात लोणच्याच्या बरण्यांचं कपाट होतं, त्याच्या आतल्या लाकडाचा. मला ते कपाट आठवत नाही. मी जन्मायच्या आत ते मोडीत गेलं.

दुपारी बांगड्याचं तिखलं केलं आणि काल विकत आणलेल्या दोन ग्योझपैकी एक उघडली. तिरफळ आणि ग्योझ एकमेकांना ओळखत असल्यासारखे वागले. याचे गुण लिहायचे राहिले. दोघांनाही आठवण झाली नाही.

गुरुवार.

मामांना विमानतळावर सोडून आले. दुसरी बाटली तळघरात आडवी ठेवली आहे. ग्योझ नीट ठेवली तर दहा-वीस वर्षं राहते, हे ऐकल्यावर मामांनी काल रात्री पांढरी चिकटपट्टी मागून घेतली होती. आत्ता खाली जाऊन बघितलं. बाटलीच्या मानेवर त्यांच्या सुवाच्य अक्षरात बैठक क्रमांक टाकला आहे, आणि खाली: 'पुनर्मूल्यांकन. परीक्षक दोन. एकट्याने उघडू नये.'